हर्णैच्या पाण्यातले बैल

समुद्रात उभे असलेले बैल मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा तोंडातून आपोआप निघालं, "अहो, बुडतील की ते!"

शेजारी टोपली घेऊन उभी असलेली एक मावशी हसली. म्हणाली, "नाय बुडत. रोजचं हाय त्यांचं."

मी आटपाडीचा. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचा हा तालुका, माणदेशाचा भाग. वर्षाला चारशे मिलिमीटर पाऊस झाला तर आमच्याकडं लोक म्हणतात, यंदा बरं झालं. मी इंजिनिअरिंग केलं, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत लागलो, आणि ऑफिसातल्या चौघांबरोबर एका शनिवारी दापोलीला आलो. बाकीच्यांना डॉल्फिन बघायचे होते. संध्याकाळी सगळे हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघायला गेलो आणि मी तिथंच अडकलो. मासळीसाठी नव्हे, बैलांसाठी.

पोटापर्यंत पाण्यात गाडी. जू मानेवर, लाट आली की बैल मान वर करतात, लाट गेली की परत खाली. गाडीच्या पुढं पाण्यात डुलणारी होडी. होडीतून मासळीच्या टोपल्या गाडीत पडतात, गाडीवान बैलांना हाक देतो आणि गाडी वाळूकडं वळते. पलीकडं खोल पाण्यात मोठ्या बोटी नांगरून उभ्या, त्यांच्यावर रंगीत झेंडे. त्यांच्या मागं, समुद्रात बसलेला सुवर्णदुर्ग.

त्यातली एक जोडी पांढरी होती. लांब, मागं वळलेली शिंगं. मी गाडीवानाला विचारलं, "काका, ही जोडी इथली नाय वाटत."

"घाटावरची हाय. तुम्ही घाटावरचे काय?"

म्हटलं, हो. माझ्या गावाचं नाव खिल्लार बैलांच्या एका जातीलाच आहे. आटपाडी महाल. औंध संस्थानाच्या वेळी आटपाडी हा महाल होता, ते नाव बैलांना चिकटून राहिलं. आमच्या घरी पण एक जोडी होती. त्यातल्या एकाचं नाव हरण्या. २०१३ च्या दुष्काळात आण्णा, म्हणजे माझे वडील, जनावरांबरोबर चारा छावणीत राहायचे. मी तेव्हा बारावीला होतो. त्याच वर्षी जोडी विकली. ती चाऱ्याअभावी विकली की माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी, हे आण्णांनी कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

त्यामुळं हर्णैला मी नंतर चार वेळा एकटा गेलो. हे लिहितोय ते त्या चार खेपांतून.

मधलं पाणी

हर्णै हे दापोली तालुक्यातलं बंदर. नकाशावर बघितलं तर एक खडकाळ टोक समुद्रात घुसलेलं दिसतं. त्या टोकावर कनकदुर्ग आणि आता तिथं दीपगृह. टोकाच्या उत्तरेला वाळूची वळणदार खाडीसारखी जागा, तिला लागून पाजपंढरी ही कोळ्यांची वस्ती. टोकामुळं नैऋत्येकडच्या वाऱ्याला थोडा आडोसा मिळतो, म्हणून बोटी इथं थांबतात. पण किनारा उथळ आहे. वाळू हळूहळू उतरत जाते, आणि भरती-ओहोटीत पाणी दोन-तीन मीटर खालीवर होतं. मोठी बोट किनाऱ्याला लावली तर सहा तासांनी ती वाळूत आडवी पडेल.

म्हणजे बोट जमिनीपर्यंत येत नाही आणि जमीन बोटीपर्यंत जात नाही. मधे दोन-तीनशे पावलांचं पाणी उरतं. माझ्या मते हर्णैचा सगळा स्वभाव या मधल्या पाण्यानं घडवलाय.

बघा ना. बोट खोल पाण्यात थांबते. तिच्यावरचा माल लहान होडीत उतरतो. होडीतून बैलगाडीत. गाडीतून वाळूवर. वाळूवर ढीग लागतात आणि ढिगाभोवती माणसांचं कोंडाळं होतं. पापलेट, सुरमई, बांगडा, कोळंबी, म्हाकूळ, ज्याचा त्याचा ढीग वेगळा. बोली लागते, दोन मिनिटांत सौदा तुटतो. तिथून पुढं टोपल्या डोक्यावर घेणाऱ्या बायका, बर्फ फोडणारे, टेम्पोवाले. परतीच्या फेरीत त्याच बैलगाड्या बर्फ आणि डिझेल घेऊन पाण्यात शिरतात, कारण बोटीला पुन्हा समुद्रात जायचंय.

आमच्या क्षेत्रात याला कुणीही म्हणेल, इतके मधले टप्पे कशाला, काढून टाका. पहिल्या दिवशी मलाही तेच वाटलं. पण इथल्या प्रत्येक टप्प्यावर कुणाचं तरी चूल पेटवणारं काम आहे. ज्याच्याकडं बोट नाही त्याच्याकडं होडी आहे. होडी नाही त्याच्याकडं बैल आहेत. बैल नाहीत तिच्याकडं टोपली आहे. वाळूवर बसायला भाडं नाही, दार नाही, गेटपास नाही. जिला वीस किलोचा ढीग परवडत नाही ती दोघी-तिघींत मिळून घेते आणि तिथंच वाटून घेते. मी हे डोळ्यांनी पाहिलं. वाटणी चालू असताना एका मावशीनं मला बाजूला सारलं, "सर जरा, पाय ठेवशील बांगड्यावर."

वेळेचं गणितसुद्धा याच पाण्याचं. माझ्या फोनमध्ये भरती-ओहोटीचं अ‍ॅप होतं. गाडीवान काकांनी ते बघितलं आणि विचारलं, "आज तिथी कुठली?" मला माहीत नव्हती. चतुर्थी होती. ते म्हणाले, "मग तीनला पुरी भरती." कोकणातला हा जुना हिशोब आहे. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, एकादशीला सव्वाआठला. तिथून सहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो, त्याचंच हे सूत्र. अ‍ॅपच्या आकड्याशी थोडाफार फरक पडतो, पण बैल पाण्यात कधी घालायचे एवढं ठरवायला तो पुरतो. नेट लागत नाही, चार्जिंगही नाही. कोड रिव्ह्यूला आलं असतं तर मी एका ओळीत मंजूर केलं असतं.

चार किल्ले आणि एक फट

हर्णैत चार किल्ले आहेत. समुद्रात सुवर्णदुर्ग. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. तिघं मिळून समुद्रातल्या एकाची राखण करायचे. फत्तेगडाची आज तटबंदी शोधावी लागते, कारण अख्ख्या गडावर कोळ्यांची घरं आहेत. बुरजाच्या जागी कुणाचं तरी अंगण आणि अंगणात वाळत घातलेले बोंबील. पर्यटक म्हणतात, किल्ल्याची वाट लावली. मला मात्र वाटतं, चौघांत फक्त हाच किल्ला अजून कामावर आहे.

सुवर्णदुर्ग किनाऱ्यापासून फार लांब नाही, अर्ध्या किलोमीटरच्या आत. तिथं गेलात तर होडी तुम्हाला धक्क्यावर सोडत नाही, कारण धक्काच नाही. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उडी मारायची. महादरवाजा जमिनीच्या बाजूला, पूर्वेला. पायरीवर कोरलेलं कासव आणि भिंतीवर मारुती. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे महत्त्वाचं ठाणं. १७२९ मध्ये कान्होजी गेले, पुढं मुलांत भांडणं लागली, आणि दक्षिणेकडचा भाग तुळाजी आंग्र्यांकडं आला. विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग ही त्यांची दोन मोठी ठिकाणं.

तुळाजींचं पेशव्यांशी जमेना. समुद्रावर ते कुणालाच जुमानत नव्हते. मग नानासाहेब पेशव्यांच्या वतीनं कोकणचे सुभेदार रामाजी महादेव यांनी मुंबईच्या इंग्रजांशी करार केला. तुळाजींचा बंदोबस्त दोघांनी मिळून करायचा.

एप्रिल १७५५. कमोडोर विल्यम जेम्स 'प्रोटेक्टर' हे जहाज आणि सोबत आणखी काही जहाजं घेऊन सुवर्णदुर्गासमोर आला. पहिल्यांदा त्यानं पश्चिमेकडून, म्हणजे भर समुद्राच्या बाजूनं तोफा डागल्या. तिकडचा तट खडकातूनच उठलेला. गोळे आपटत राहिले, किल्ला हलला नाही. समुद्राकडून येणाऱ्या शत्रूसाठीच तो बांधला होता.

मग जेम्सनं जहाजं बेट आणि किनारा यांच्यामधल्या पाण्यात घातली. त्याच फटीत, जिथं आज बोटी नांगरतात. तिथून तटाजवळ जाऊन मारा केला. डोलकाठ्यांवरून बंदुका चालवल्या की तटावरच्या गोलंदाजांना उभं राहता येईना. आत एका शाकारलेल्या घराला आग लागली, ती पसरत दारूकोठारापर्यंत गेली आणि कोठार उडालं. किल्ल्यातली माणसं, त्यात बायका आणि मुलंसुद्धा, होड्यांत बसून किनाऱ्याकडं निघाली आणि त्या मधल्या पाण्यातच पकडली गेली. थोड्याच दिवसांत चारही किल्ले पडले.

ठरल्याप्रमाणं सुवर्णदुर्ग पेशव्यांना मिळाला. इंग्रजांना पुढं बाणकोट मिळालं. दुसऱ्या वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला आणि तिथं आंग्र्यांचं आरमार जळालं. आपलं आरमार आपणच आमंत्रण देऊन जाळून घेतलं, असं आपण आज सहज म्हणतो. त्या वेळच्या माणसांना ते एका घरच्या भांडणाचा निकाल वाटला असेल. भांडण मिटलं, पण समुद्र हातातून गेला.

या लढाईचं स्मारक हर्णैत नाही. ते लंडनमध्ये आहे. आग्नेय लंडनमध्ये शूटर्स हिल नावाची टेकडी आहे. विल्यम जेम्स १७८३ मध्ये वारला आणि दुसऱ्या वर्षी त्याच्या बायकोनं त्या टेकडीवर तीन कोनी मनोरा बांधला. नाव ठेवलं 'सेव्हर्नड्रूग कॅसल'. सुवर्णदुर्गचा तो इंग्रजी जिभेतला अवतार. मनोरा अजून उभा आहे, लोक वर चढून लंडन बघतात. मी काकांना फोनवर फोटो दाखवला. त्यांनी दोन बोटांनी मोठा करून बघितला आणि विचारलं, "तिथं समुद्र हाय काय?" म्हटलं, नाही. "मग कशाला बांधला?"

बोट लागणे

सुवर्णदुर्गाची आणखी एक आठवण आपल्या इतिहासात आहे आणि ती फारशी अभिमानाची नाही. २५ ऑक्टोबर १८०२ ला यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरला पेशव्यांचा आणि शिंद्यांचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुणं सोडून कोकणात उतरला, महाडहून सुवर्णदुर्गाच्या आसऱ्याला आला आणि तिथून समुद्रमार्गे इंग्रजांच्या आश्रयाला वसईला गेला. ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला. १८१८ मध्ये सुवर्णदुर्गही इंग्रजांकडं गेला. ज्या पाण्यातून किल्ल्यातली माणसं निसटू शकली नव्हती, त्याच पाण्यातून सत्तेचाळीस वर्षांनी पेशवा निसटला.

पुढं किल्ल्यांचं काम संपलं, बंदराचं वाढलं. मुंबई ते गोवा किनाऱ्यानं आगबोटी चालायच्या आणि हर्णै हे त्यांचं एक ठाणं होतं. तीही बोट खोल पाण्यात थांबायची. माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, सगळं लहान होडीत चढवून न्यायचं आणि लाट वर आली की बोटीच्या शिडीवर पाय ठेवायचा. मराठीत 'गाडी लागते' म्हणतात, कोकणात त्याच्या आधीपासून 'बोट लागते'. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत कामाला गेलेल्या कित्येकांनी गाव सोडताना शेवटचं पाऊल याच पाण्यात ठेवलं असणार. रस्ते झाले, एसटी आली, आगबोटी बंद पडल्या. मासेमारीच्या बोटींना मात्र इंजिनं बसली आणि बंदर पुन्हा गजबजलं.

गजबजाट म्हणजे सुख नव्हे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्यानंतर नारळी पौर्णिमा, समुद्राला नारळ. मग हंगाम. हंगामात वादळाचा इशारा आला की हर्णैच्या उथळ किनाऱ्यावर बोट सुरक्षित नसते, सगळ्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत पळवाव्या लागतात. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ आलं तेव्हा दापोलीच्या किनाऱ्यानं काय सोसलं ते अजून माडांच्या मोडक्या शेंड्यांवर दिसतं. भर समुद्रात पर्ससीन आणि एलईडी दिव्यांची मासेमारी. दिव्यांच्या मासेमारीवर केंद्रानं २०१७ मध्ये बंदी घातली, तरी रात्री क्षितिजावर उजेड दिसतो म्हणून इथले मच्छीमार उपोषणाला बसले. वाळूवरचा ढीग लहान झाला की सगळ्यात आधी ते टोपलीवालीला कळतं.

जेटी

इथली सगळ्यात जुनी मागणी एकच आहे. जेटी. बोट थेट धक्क्याला लागली पाहिजे, माल सरळ उतरला पाहिजे, वादळात आडोसा मिळाला पाहिजे. आता तिचं काम हाती घेतलं गेलंय. जेटी झाली की मधलं पाणी संपेल. म्हणजे बैलगाड्याही संपतील.

पहिल्या खेपेला हे ऐकून मला वाईट वाटलं. मी मनातल्या मनात एक हळहळीचा लेख लिहूनही टाकला होता. मग आमचं गाव आठवलं.

आटपाडीत १९९३ पासून दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरायची. नागनाथअण्णा नायकवडी यायचे, हजारो माणसं जमायची. मागणी एकच, कृष्णेचं पाणी. ते टेंभू योजनेतून यायला आमच्या आजोबांचं आयुष्य गेलं. कराडजवळून उपसलेलं पाणी टप्प्याटप्प्यानं चढत आमच्या तलावात पडलं, तेव्हा माणसं कॅनॉलच्या कडेला नारळ घेऊन उभी होती. त्या वेळी कुणी पुण्याहून येऊन म्हटलं असतं, "अरेरे, माणदेशाचं ते कोरडं, उदास सौंदर्य गेलं," तर आण्णांनी त्याला पाणी पाजून, मग काय ते सुनावलं असतं. दुसऱ्याच्या कष्टाला परंपरा म्हणणं सोपं असतं. कमरेएवढ्या पाण्यात दिवसातून वीस फेऱ्या मारणाऱ्याला विचारा. मी विचारलं. काका म्हणाले, "गुडघे गेले माझे. बैलाचे पन गेले."

तरीही आटपाडीनं मला दुसरी एक गोष्ट शिकवलीय. पाणी आलं तेव्हा ते जमिनीला आलं. ज्याची जमीन कॅनॉलखाली, त्याचं डाळिंब उभं राहिलं, त्याच्या दारात ट्रॅक्टर आला. ज्याच्याकडं जमीन नव्हती, फक्त चार मेंढ्या किंवा एक बैलजोडी होती, त्याच्या वाट्याला पाण्याकडं बघणं आलं. मागणीच्या मोर्च्यात सगळे होते, वाटपाच्या नकाशावर सगळे नव्हते.

म्हणून हर्णैला माझा प्रश्न बैलांचा नाही, टोपलीचा आहे. वाळूवर कुणीही बसू शकतं. जेटीवर गाळे असतील, नंबर असतील, पावत्या असतील. बोट थेट धक्क्याला लागली की मोठा व्यापारी थेट बोटीशी बोलेल. त्या दोघी-तिघींत वाटून घेणाऱ्या मावश्या कुठं बसतील? गाडीवानाचं पुढं काय? हे आत्ताच, नकाशा कागदावर असतानाच विचारायला हवं. सिमेंट ओतल्यावर कुणाला जागा करून देता येत नाही. आमच्या धंद्यातसुद्धा सगळ्यात महागडी दुरुस्ती तीच असते, जी डिझाइनच्या वेळी कुणीच विचारलेली नसते.

१७५५ मध्ये मधल्या पाण्याचा फायदा बाहेरच्यानं ओळखला, आतल्यांनी नाही. किल्ला बांधणाऱ्यांनी सगळं लक्ष भर समुद्राकडं दिलं होतं. आताही सगळ्यांचं लक्ष बोटींकडं आहे. आणि गाव जगतंय ते बोट आणि वाळूच्या मधल्या दोन-तीनशे पावलांवर.

शेवटच्या खेपेला मी पाण्यातल्या त्या पांढऱ्या जोडीचा व्हिडिओ काढून आण्णांना पाठवला. पाच मिनिटांत फोन आला. मला वाटलं, हरण्याबद्दल काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "खाऱ्या पाण्यात उभी करत्यात व्हय रं? मग रातच्याला गोड्या पाण्यानं धुत्यात का? नाय तर खूर जायचं त्यांचं."

मला माहीत नव्हतं. चार खेपा घालून, एवढा इतिहास वाचून, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

अंधार पडल्यावर मी काकांच्या मागं गेलो. पाजपंढरीच्या गल्लीतून जोडी घराकडं चालली होती. दारात पिंप भरून ठेवलेलं. काकांच्या सुनेनं बादलीनं पाणी ओतलं, काकांनी एकेक पाय उचलून खूर चोळून धुतले. मग खांद्यावर, जिथं जू बसतं तिथं, तेल लावलं.

मी आण्णांना फोन करून सांगितलं, "धुत्यात."

"मग बरंय," ते म्हणाले. थोडं थांबून विचारलं, "जेटी झाल्यावर काय करनार म्हनं तो बैलांचं?"

मी काकांकडं फोन दिला. दोघं बराच वेळ बोलत होते.